लग्नानंतर पिंपं कोणाची?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला ऐतिहासिक प्रेमकथांवरचा लेख वाचला. लेखकाने उदाहरण घेतलं होतं ते असं : नवऱ्याच्या मागे त्याचा व्यापार सांभाळणारी बाई आणि स्कॉटलंडच्या डोंगरात व्हिस्की गाळणारा माणूस, यांची एकोणिसाव्या शतकातली गोष्ट. अशी बाई त्या काळी असणं शक्यच नाही, आजच्या बाईला जुना झगा घालून तिथे उभं केलंय, असं त्यांचं म्हणणं. लेख मेहनतीने लिहिलाय, पण या मुद्द्यावर गप्प बसवत नाही. असल्या कथा मी वीस-बावीस वर्षं वाचते आहे. आणि नवरा गेल्यावर त्याचं पंपाचे सुटे भाग करणारं वर्कशॉप सव्वीस वर्षं चालवते आहे. म्हणून हे पत्र.

तर पहिली गोष्ट, अशी बाई होती. चांगल्या बऱ्याच होत्या.

स्पे नदीच्या खोऱ्यात, नॉकँडोजवळच्या एका टेकडीवर कार्डो नावाचं शेत होतं. १८११मध्ये जॉन कमिंगने ते खंडाने घेतलं आणि शेतीच्या जोडीला चोरून व्हिस्की गाळायला लागला. १८१६मध्ये त्याला त्यापायी तीनदा शिक्षा झाली. पण भट्टी खरी चालवायची ती त्याची बायको हेलन. अबकारी खात्याचे लोक त्या भागात आले की मुक्कामाला कमिंगांच्याच घरी उतरायचे. हेलन त्यांना आदराने घरात घ्यायची, जेवायला बसवायची, आंबवणाचा वास आलाच तर पाव करायला घेतलाय म्हणून सांगायची, आणि पाहुणे ताटावर बसले की मागच्या दाराने जाऊन कोठारावर लाल निशाण चढवायची. ते दिसलं की खोऱ्यातल्या बाकीच्या भट्ट्या सावध. एका बाईच्या हुशारीवर शेजारपाजारच्या किती घरांची चूल चालली असेल, याचा विचार करा.

पावाची थाप किती खरी वाटत असेल ते मला दोन वर्षांपूर्वी कळलं. माझी मुलगी एडिंबरोला असते. तिच्याकडे गेले होते तेव्हा आम्ही स्पेच्या काठाने भटकलो आणि एक डिस्टिलरी आतून पाहिली. बार्लीचा गोड काढा जिथे यीस्ट घालून आंबवतात, ती लाकडी पिंपं एक-दोन मजले खोल असतात. दाखवणाऱ्या मुलाने एकाचं झाकण उचललं आणि बजावलं, हळू वाका. मी नेहमीच्या घाईने वाकले. नाकात वायूचा असा झणका गेला की डोळ्यांतून पाणी आलं. आत फेस नुसता उकळल्यासारखा फिरत होता, हालचाल इतकी जोरात की खाली कोणी ढवळतंय असं वाटावं. पण तो पहिला झणका ओसरल्यावर मागे जो वास राहिला तो दारूचा नव्हताच. रात्रभर आंबून सकाळी फुगलेल्या पिठाचा होता तो. त्या पिंपाशी उभं राहून मला हेलन कमिंग जितकी खरी वाटली, तितकी कुठल्याही पुस्तकात वाटली नव्हती.

पुढे १८२३चा अबकारी कायदा आला. किमान ४० गॅलनची भट्टी आणि वर्षाला १० पौंडांचा परवाना, एवढ्यावर लहान शेतकऱ्यालाही उजळ माथ्याने गाळता येऊ लागलं. ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने १८२४मध्ये परवाना घेतला तर चोरटे शेजारी इतके चिडले की त्याला बरोबर दोन पिस्तुलं बाळगावी लागली. कमिंगांनीही त्याच साली परवाना घेतला. कथांमधला नायक बहुतेक याच वर्षांतला असतो. त्याचं कारण मला पटतं. काल चोर, आज परवानेवाला, शेजारी जिवावर उठलेले, आणि सरकारचा माणूस रोज अंगणात. अशा माणसाच्या आयुष्यात कोणी बाई आली तर गोष्ट आपोआपच ताणली जाणार.

जॉन कमिंग १८४६मध्ये वारला. मुलगा लुईस कारभार बघू लागला, तोही १८७२मध्ये गेला. तेव्हा त्याची बायको एलिझाबेथ गरोदर होती, पदरात लहान मुलं होती. घरात म्हातारी हेलन होती, नव्वदी ओलांडलेली. एलिझाबेथने भट्टी विकली नाही. चालवली. १८८४-८५च्या सुमाराला शेजारी जमीन घेऊन नवी डिस्टिलरी उभी केली, आणि जुन्या भट्ट्या, चाक वगैरे सामान विल्यम ग्रँट नावाच्या माणसाला विकलं. तो तेव्हा डफटाउनला स्वतःची डिस्टिलरी बांधत होता, तीच पुढची ग्लेनफिडिक. सौदा झाला ११९ पौंड १९ शिलिंग आणि १० पेन्सला.

हा आकडा मी वाचला तेव्हा चहाचा कप खाली ठेवला. आणखी दोन पेन्स आले असते तर बरोबर १२० पौंड झाले असते. आम्ही जुनं लेथ विकलं तेव्हा समोरच्याशी दोन दिवस घासाघीस चालली होती, आणि शेवटी ठरलेल्या रकमेला असंच विचित्र शेपूट राहिलं होतं. त्या दोन पेन्समागे कोणीतरी समोरासमोर बसून एकेका वस्तूचा भाव लावलेला आहे. एका बाजूला नवा माणूस, प्रत्येक पेन्स मोजणारा. दुसऱ्या बाजूला ही. लेखकमहाशय, यापेक्षा शक्य कोटीतली बाई आणखी कुठली हवी?

१८९३मध्ये तिने कार्डो डिस्टिलरी जॉन वॉकर अँड सन्स या व्हिस्कीच्या कंपनीला २०,५०० पौंडांना विकली, आणि मुलाला त्यांच्या संचालक मंडळात जागा मिळाली. स्कॉटलंडच्याच इस्ले बेटावर आर्डबेग डिस्टिलरीचा कारभार काही काळ मॅक्डूगल बहिणींच्या हाती होता. तिथल्याच पोर्ट एलन डिस्टिलरीच्या जॉन रॅमसेच्या मागे १८९२पासून त्याची पत्नी ल्युसी मालकीण होती. १८२२मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला आणि चोरटी ग्लेनलिव्हेट व्हिस्कीच हवी म्हणून बसला, तेव्हाही ती पुरवली गेली एका मुलीच्या तळघरातून. रॉथीमर्कसच्या एलिझाबेथ ग्रँटने आठवणींत लिहून ठेवलंय, वडिलांचा निरोप आला म्हणून तिने जपून मुरवलेली आपली आवडती व्हिस्की काढून दिली. घरातल्या तळघराची जबाबदारी तिची होती. किल्ल्या कोणाकडे असायच्या ते यावरून दिसतं.

पण एवढंच सांगायचं असतं तर पत्र दहा ओळींत संपलं असतं. माझं खरं दुखणं वेगळं आहे, आणि ते तुमच्या लेखकाबद्दल जितकं आहे तितकंच या कथा लिहिणाऱ्यांबद्दल. आता मराठीतही अशा कथा लिहिणाऱ्या मुली पुष्कळ आहेत, आणि मी त्या आवडीने वाचते. त्यांनाही हे सांगायचं आहे.

एलिझाबेथ कमिंगने पुन्हा लग्न केलं नाही. तिकडे फ्रान्समध्ये शँपेनवाली मादाम क्लिको १८०५मध्ये सत्ताविसाव्या वर्षी विधवा झाली, १८६६पर्यंत जगली, युरोपभर तिचा माल गेला. तिनेही पुन्हा लग्न केलं नाही. मादाम पोमेरी १८५८मध्ये विधवा झाली. तिनेही नाही. या कर्त्यासवरत्या बायका होत्या, पैसा होता, ओळखी होत्या, मागणी घालणारे आले नसतील असं कोण म्हणेल? नवऱ्यावरचं प्रेम, मुलं, ही कारणं असतीलच, ती मी कमी लेखत नाही. पण आणखी एक कारण होतं, आणि ते कायद्याच्या पुस्तकात होतं.

त्या काळी बाईच्या आयुष्याचे तीन टप्पे. मुलगी असताना बापाच्या छत्राखाली, बायको असताना नवऱ्याच्या. सज्ञान अविवाहित बाईला कायद्याने मोकळीक होती, पण लग्न झालेली बाई पुन्हा स्वतःची व्हायची ती विधवा झाली कीच. तिला करार करता यायचा, खंडाने जमीन घेता यायची, येणं वसूल करायला कोर्टात जाता यायचं, स्वतःच्या सहीने माल उचलता यायचा. स्कॉटलंडच्या कायद्यात नवऱ्याच्या मागे तिला हिस्साही होता : मुलं असतील तर जंगम मालमत्तेचा तिसरा भाग, नसतील तर निम्मा, आणि जमिनीच्या उत्पन्नातला एक तृतीयांश हयातीपुरता. म्हणजे लग्न झालेल्या बाईला धंदा करण्याचं स्वातंत्र्य मिळायचं ते तिच्या सगळ्यात मोठ्या दुःखातून.

आणि ती पुन्हा लग्नाला उभी राहिली की ते सगळं त्याच दिवशी संपायचं. स्कॉटलंडमध्ये नवऱ्याच्या या हक्काला लॅटिन नाव होतं, 'जूस मारिती'. लग्न लागताच बायकोची जंगम मालमत्ता नवऱ्याची. जंगम म्हणजे काय ते नीट बघा. तळघरातली पिंपं जंगम. पिंपातली दारू जंगम. घोडे, गाड्या, गल्ल्यातली रोकड, गिऱ्हाइकांकडची उधारी, सगळं जंगम. जमीन तिच्या नावावर राहिली तरी तिचं उत्पन्न नवऱ्याकडे, आणि नवऱ्याला विचारल्याशिवाय तिचं काही करायचं नाही, कारण कारभार बघायचा हक्कही त्याचाच. बायकोचं म्हणून काय उरायचं? अंगावरचे कपडे, दागिने, आणि ते ज्या पेटीत ठेवायचे ती पेटी. पेटीचा उल्लेख कायद्यात खरोखरच होता. आपण नवऱ्याला सहज धनी म्हणतो, मालक म्हणतो. तिथे तो अक्षरशः मालक व्हायचा, लग्नाच्या दिवशी, पिंपांसकट. हा हक्क गेला १८८१च्या कायद्याने. कारभाराचा हक्क तर १९२०पर्यंत होता.

आता या कथांकडे वळते. सगळीकडे तेच. नायिका हुशार, हिशेबात पक्की, बाजारातल्या पुरुषांना भारी. नायक रांगडा, अभिमानी, मनाचा सच्चा. भांडणं होतात, गैरसमज होतात, एक हिमवादळ येतं, आणि शेवटी तो विचारतो नि ती रडत रडत हो म्हणते. पुस्तक संपतं. आणि मला त्या शेवटच्या पानावर धडकी भरते. अहो, ती हो म्हणाली, पण पिंपं कोणाची झाली? तीनशे पानं जिने एकेक पेन्स मोजला, तिला हा प्रश्न पडला नाही?

हिमवादळाचंही तसंच. दोघं वाटेत अडकतात, खानावळीत आसरा घेतात, आणि तिची अब्रू राखायला तो खानावळवाल्याला सांगतो, ही माझी बायको. वाचणाऱ्याला गोड वाटतं. पण स्कॉटलंडमध्ये त्या काळी लग्नाला ना पाद्री लागायचा ना चर्च. दोघांनी मनापासून एकमेकांना नवराबायको म्हणून स्वीकारलं की लग्न झालं. इंग्लंडमधली पळून आलेली जोडपी सरहद्दीवरच्या ग्रेटना ग्रीनला यायची ती याचसाठी. १८५६च्या कायद्याने एकवीस दिवसांच्या वास्तव्याची अट घातली, पण अशी लग्नं १९४०पर्यंत चालली. तेव्हा चारचौघांत उच्चारलेलं एक वाक्य पुढेमागे कोर्टात लग्नाचा पुरावा म्हणून उभं राहू शकायचं. धंदेवाल्या विधवेला ते ऐकून लाजायला होणार नाही. पोटात गोळा येईल. तो प्रसंग तसा लिहिला तर किती वेगळा होईल!

मी हे इतक्या तळमळीने का लिहिते आहे, ते सांगते. माझे यजमान गेले तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. तेराव्याच्या आत नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी कागद पुढे ठेवले. तू कशाला त्या लोखंडात हात घालतेस, आम्ही बघतो. मी सही केली नाही. त्याबद्दल इथे जास्त बोलायचं नाही. बोलायचंय ते सहा वर्षांनंतरच्या एका दुपारबद्दल.

आम्हाला कास्टिंग पुरवणारे एक गृहस्थ होते. स्वभावाने सरळ, व्यवहाराला चोख. माझ्या वाईट दिवसांत त्यांनी तीन तीन महिने उधार माल दिला आणि कधी तोंड वाकडं केलं नाही. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत, मशीन बंद असताना, लेथपाशी उभं राहून त्यांनी मला लग्नाचं विचारलं. फार सभ्यपणे विचारलं. माझ्या मुलीच्या शिक्षणाबद्दल बोलले, सासूबाई आमच्याबरोबरच राहतील असं आपणहून म्हणाले. घर कुठे घ्यायचं तेही बोलले. वर्कशॉपबद्दल मात्र एक अक्षर नाही. ते आता दोघांचं, म्हणजे ते बघतील, हे त्यांनी इतकं सहज धरलं होतं की विचारावं असंही त्यांना वाटलं नाही. कायदा माझ्या बाजूने होता, मला ठाऊक होतं. लग्न केलं म्हणून माझं वर्कशॉप कोणी काढून घेणार नव्हतं. तरी मला समोर दिसत होता तो दारावरचा बोर्ड. सहा वर्षं मी त्याच्याखालून रोज सकाळी पावणेआठला आत जात होते. मी नाही म्हटलं. ते वाईट माणूस नव्हते, आजही मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण त्या दुपारी त्यांनी एकच प्रश्न विचारला असता, लग्नानंतर हे तुम्हीच चालवणार ना, तर माझं उत्तर काय झालं असतं ते मी आजही सांगू शकत नाही.

जिच्या मागे कायदा आहे तिची ही गत, तर जिच्या विरुद्ध कायदा होता तिच्या मनात काय चालत असेल? खरी गोष्ट तिथे आहे. आणि ती गोष्ट घडू शकत होती, कारण वाटही होती. लग्नाआधी करारनामा करून नवरा आपला 'जूस मारिती' सोडून देऊ शकायचा, कारभाराचा हक्कही सोडू शकायचा. पैसेवाल्या घरांतून असे करार होत. पण तो लग्नाआधी झाला तरच खरा. लग्नानंतर नवऱ्याने बायकोला काही बहाल केलं तर ते त्याला केव्हाही परत घेता यायचं, तसा कायदाच होता. म्हणजे मधुचंद्राच्या रात्री दिलेल्या वचनाला काही किंमत नाही. जे द्यायचं ते आधी द्यायचं, ती अजून हो म्हणायची असताना.

मला एक कथा वाचायची आहे. ती एडिंबरोजवळच्या लीथ बंदरातली, वाइन नि शेरीचा ठोक व्यापार करणाऱ्याची विधवा. साल १८३० धरा. तिच्याकडे काय आहे? स्पेनहून आलेल्या शेरीची रिकामी पिंपं, बंदरातली ओळख, उधारीवर माल उचलण्याची पत. तो वर स्पेसाइडचा, म्हणजे स्पेच्या खोऱ्यातला, नवा परवानेवाला. त्याच्याकडे उत्तम माल आणि बाकी काही नाही. रेल्वे नाही, त्या खोऱ्यातली स्ट्रॅथस्पेची लाइन १८६३मध्ये आली. पिंपं बैलाघोड्यांच्या गाड्यांतून समुद्रापर्यंत न्यायची नि तिथून गलबताने. काचेवर जबर अबकारी, ती उठली १८४५मध्ये, म्हणून बाटल्यांचा थाट नाही, माल पिंपाने किंवा जारने जाणार. त्या काळात बारा वर्षं मुरलेली, लेबल लावलेली बाटली नायकाच्या हातात देऊ नका एवढी माझी लिहिणाऱ्यांना विनंती. पिंपात मुरवल्याशिवाय विकायची नाही हे बंधन १९१५मध्ये आलं. तेव्हा बहुतेक माल ताजाच विकला जायचा. पण तिच्या तळघरात शेरीची पिंपं रिकामी पडली आहेत. त्याने पाठवलेला माल सहज त्यांत भरला जातो, दोन हिवाळे तसाच पडून राहतो, आणि ती एक दिवस चव बघते. आता हे दोघांचं गुपित आहे. त्याची दारू आणि तिचं लाकूड. कुठला भाग कोणामुळे चांगला झाला ते वेगळं काढता येत नाही. प्रेमकथेला याहून चांगली सुरुवात मला तरी सुचत नाही.

आणि तो तिचं दुखणं समजू शकतो, कारण त्याच्या स्वतःच्या भट्टीत तेच आहे. त्या डिस्टिलरीत मी पितळेच्या चौकटीची काचेची एक लांबट पेटी पाहिली. भट्टीतून निघालेली धार त्या पेटीतून जाते, समोर दिसते, पण पेटीला कुलूप असतं. कर बुडू नये म्हणून त्या काळी किल्ली अबकारी अंमलदाराकडे असायची. आपल्याकडे पहिल्या धारेचीचं कौतुक असतं. तिथे पहिली धार बाजूला काढतात, शेवटचीही काढतात, मधली तेवढी ठेवतात, आणि ती कधी तोडायची हा गाळणाऱ्याच्या आयुष्याचा सगळा कस. तो निर्णय त्याला बाहेरून दांडा फिरवून घ्यायचा, मालाला हात न लावता. स्वतः पेरलेली बार्ली, स्वतः पेटवलेली भट्टी, आणि काचेपलीकडचा थेंब आपला नाही. हे रोज सोसणाऱ्या माणसाला, मी पुढे केलेला हात घेतलास तर तुझं तळघर माझं होईल, हे एका वाक्यात कळलं पाहिजे. कथेत ते त्याला नायिकेने समजावून सांगावं लागू नये. एखाद्या सकाळी त्या पेटीसमोर उभा असताना त्याचं त्यालाच कळावं.

स्पेसाइडमधल्या एका खेड्यातल्या चर्चच्या आवारात आम्ही मायलेकी थडगी वाचत फिरलो होतो. तिथे एक पद्धत मला फार आवडली. बायकांची नावं दगडावर माहेरची आहेत, नवऱ्याचं नाव शेजारी. स्कॉटलंडमध्ये कागदोपत्रीही बाई आपलं माहेरचं नाव सोडायची नाही. एका दगडावर नावापुढे जुना शब्द होता, मुलीने त्याचा अर्थ सांगितला : मागे उरलेली. अक्षरांत शेवाळ भरलं होतं, मी बोटाने खरवडलं तर नाव निघालं, ते बाईचं पूर्ण नाव होतं. नवऱ्याची मालमत्ता त्याच्याकडे, तिची त्याच्याकडे, पण नाव तिचं तिच्याकडे. पावसाची बुरबुर सुरू झाली म्हणून आम्ही निघालो, पण माझ्या नखात ते शेवाळ संध्याकाळपर्यंत होतं.

लेखकमहाशयांना माझा राग नाही. त्यांनी पुन्हा एकदा या विषयाकडे बघावं एवढंच म्हणते. आणि लिहिणाऱ्या मुलींनो, तुमच्या नायकाला शेवटच्या प्रकरणात डोंगरावर नेऊ नका. एल्गिनला न्या, वकिलाच्या कचेरीत. ती अजून आलेली नाही, तिला ठाऊकही नाही. वकील विचारतोय, नीट विचार केलात ना, हे सोडलंत तर परत मागता येणार नाही. स्कॉटलंडमध्ये अशा दस्तावर एक सही पुरायची नाही, प्रत्येक पानावर करावी लागायची, दोन साक्षीदारांसमोर. लिहिण्याची सवय नसलेला तो माणूस, बोटांना पीटचा, म्हणजे जळणाच्या दलदलीतल्या मातीचा वास, टाक जड धरलेला. पहिल्या पानावर त्याचं नाव, मग दुसऱ्या पानावर, मग तिसऱ्या. मग तो वकिलाला विचारतो की शाई वाळायला किती वेळ लागेल, कारण लीथला जाणारं गलबत संध्याकाळी सुटणार आहे.

आपली,
एक जुनी वाचक
(नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे, कृपया छापू नये.)